शनिवारची पट्टी
अकराव्या किलोला प्लास्टिकची पट्टी कडकन तुटली आणि वजनं खालच्या पोत्यावर धप्पकन पडली. कमलिनीने रजिस्टरात आकडा लिहिला. मागच्या वेळी तेरा झाले होते, आज उलट कमीच झाले, असं ती म्हणाली. देवाजींनी दोन्ही तुकडे रुमालात बांधले.

कमलिनी भिलाईतल्या एका मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. तिचा नवरा तिथल्या पोलाद प्लांटमध्ये क्लार्क होता. त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. देवाजी मूळचे विदर्भातल्या पुलगावचे, एकटेच. भिलाईच्याच कॅम्प-१ वस्तीत त्यांचा लहानसा कारखाना होता. प्लास्टिकच्या जुन्या बादल्या आणि फुटके डबे वितळवून ते बांधकामाची घमेली बनवत. दिवसभर हिंदी बोलायची आणि घरी गेल्यावर गप्प बसायचं, असं त्यांचं चाललं होतं.

एक्क्याण्णवच्या जुलैत राधाबाई नावाच्या मजूर बाईच्या डोक्यावर त्यांचं घमेलं फुटलं. आतली गिट्टी, बांधकामाची खडी, पायावर पडून तिची दोन बोटं चेचली. देवाजी दवाखान्यात जाऊन तिला बघून आले आणि त्याच दिवशी त्यांनी विक्री थांबवली. पुन्हा पुन्हा वितळवलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, त्याला आतून धरून ठेवणारा धागा हवा, एवढं त्यांना कळत होतं. वर्तमानपत्रांची रद्दी भिजवून, कुटून, वाळवून ते तिचा भुगा प्लास्टिकमध्ये मिसळू लागले. पण घालायचा किती, हे मोजून बघायची सोय त्यांच्याकडे नव्हती. शाळेच्या मोठ्या बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा वापरायला दिली. दोन टेबलांवर पट्टी आडवी ठेवायची, मधोमध वजनांचा हूक अडकवायचा आणि एकेक वजन वाढवत जायचं.

सुरुवातीला कमलिनीला ते अंगावर पडलेलं काम वाटलं. मग तीही त्यात गुंतली. वर्तमानपत्राचा धागा आखूड असतो, हे तिनेच कागद फाडून दाखवलं आणि खाकी लिफाफे वापरायला सुचवलं. कागदात ओल राहिली की प्लास्टिकमध्ये फोड येतात, म्हणून ती तो भुगा स्वतःच्या क्वार्टरच्या अंगणात वाळत घालू लागली. ऑक्टोबरात एका पट्टीने प्रयोगशाळेतली सगळी वजनं पेलली. दोघांनी त्या दिवशी चहा घेतला. पण पुढच्या शनिवारी पट्टी पुन्हा तुटली. तसं एकदाच जमलं, परत जमून नाही राहिलं, असं देवाजी खाली बघत म्हणाले. तेव्हापासून पट्ट्या तुटतच होत्या.

फेब्रुवारीत शाळेच्या नव्या खोल्यांचं काम निघालं. मधल्या सुट्टीत कमलिनीला एक बाई किंचित लंगडत, डोक्यावर गिट्टी घेऊन जाताना दिसली. तिच्या घमेल्यात खाकी कागदाचे ठिपके होते. कमलिनीने तिला थांबवून विचारलं. ती राधाबाईच होती. हे घमेलं कारखान्याच्या शेठने दिवाळीच्या आधी स्वतः आणून दिलं, असं तिने सांगितलं. आधी त्याने ते भरलेलं वरच्या मजल्यावरून खाली टाकून दाखवलं, मगच तिच्या हातात दिलं. आता या कामावर सगळ्यांकडे तीच घमेली होती.

कमलिनीला आधी राग आला. मिश्रण ऑक्टोबरातच जमलं होतं, तरी देवाजी मुद्दाम तुटणाऱ्या पट्ट्या आणत होते आणि चार महिने ती कागद वाळवत होती. घरी जाऊन तिने अंगणातला भुगा गोळा केला आणि फेकायला म्हणून पिशवी बांधली. पण पिशवी हातात धरून ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. आठवड्यातले सहा दिवस आपणही कशाची वाट बघतो, हे तिच्या ध्यानात आलं.

शनिवारी देवाजी नेहमीच्या वेळी आले. त्यांनी पट्टी टेबलांवर ठेवली. कमलिनीने वजनांचा डबा उघडला नाही. राधाबाई भेटली होती, एवढंच ती म्हणाली.

देवाजींचा हात पट्टीवरच राहिला. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल काढत होतं.

“तुमाले सांगायचंच होतं,” ते म्हणाले. “दर शनिवारी सांगीन म्हणूनच घरून निघत होतो.”

कमलिनीने पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली आणि रजिस्टर मिटलं.

“पुढच्या शनिवारी हे नका आणू, देवाजी,” ती म्हणाली. “नुसते या.”