लांबच्या प्रवासाचा एसी

“यंत्र कधी दगा देत नाही, दगा देतो तो माणूस!” असं ठणकावून सांगणाऱ्या निवृत्त प्राचार्यांच्या गाडीचा एसी दर लांबच्या प्रवासात दगा देत होता. गॅरेजात मात्र तो शहाण्या मुलासारखा गार वारा सोडायचा. मिस्त्रीने गॅस भरला, फिल्टर बदलला, वायरी तपासल्या. शेवटी प्राचार्य म्हणाले, “आता दोष सापडला नाही, तर आम्ही गॅरेज बदलणार.” गिऱ्हाईक जुनं, म्हणून मिस्त्री स्वतःच मागच्या सीटवर जाऊन बसला.

गाडी हमरस्त्याला लागली आणि प्राचार्य शिस्तीच्या विषयाला. “तुम्हाला सांगतो मिस्त्री, शिस्त म्हणजे काय, तर...” मिस्त्रीने एसीकडे कान लावला, पण कानात शिस्तच शिरत होती. तेवढ्यात प्राचार्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, काकूंनी, नजर समोर ठेवून, एसीचं बटण हळूच दाबलं.

“बघा, गेला! उघडा काचा!” प्राचार्य ओरडले. काचा खाली गेल्या, वारा घोंघावू लागला आणि प्राचार्यांचे नुसते ओठ हलताना दिसू लागले. काकूंनी मान मागे टेकून सुखाने डोळे मिटले.

चहाला थांबून गाडी पुन्हा निघाली, तर एसी ठणठणीत!

“सापडलं का काही?” प्राचार्यांनी विचारलं.

“शोधतोय, सर.”

“शोधा. तर शिस्तीचे मुख्य प्रकार नऊ. त्यातला पहिला...”



मिस्त्री पुढे वाकून पुटपुटला, “काकू, या वेळी जरा लवकर दाबता का?”