तिसरी सही

"'माझी नाही.' एवढे दोनच शब्द," वकीलबाई पुन्हा एकदा म्हणाल्या. "पुढं काही बोलू नका."

पेंटरीणबाईंनी मान हलवली. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर त्या अगदी कडेला टेकल्या होत्या, कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं अशा.

पेंटरीणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या घरात त्या वीस-बावीस वर्षं राहिल्या, म्हणून गल्लीनं ते चिकटवलं. लग्न तेवढं राहून गेलं. पेंटरच्या पहिल्या बायकोशी घटस्फोट रखडला तो रखडलाच. तो मिळाला तोवर दोघांचे केस पांढरे झाले होते, आणि आता या वयात कुठं लग्नाचं सोंग आणायचं, असं म्हणून दोघंही हसली होती. ते हसणं आता अंगाशी आलं. पेंटर गेले, आणि कायद्याच्या लेखी बाई त्यांच्या कुणीच नव्हत्या. हातात होतं ते फक्त मृत्युपत्र. खालचं पाट्यांचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या, सगळं बाईंच्या नावे.

त्या मृत्युपत्रातच घोडं पेंड खात होतं. साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंप्याची आणि चष्मेवाल्याची सही होती. कायद्याला दोन पुरतात. पण त्यांच्या खाली तिसरी होती, आणि ती बाईंची होती. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचंय त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला मिळणारं रद्द होतं. हे पेंटरना ठाऊक नव्हतं, बाईंना तर नव्हतंच. पेंटरच्या मुलाच्या वकिलाला मात्र होतं. हा पहिल्या बायकोचा मुलगा, परगावी राहणारा. त्याला जागा विकून मोकळं व्हायचं होतं.

वाचवायला एकच गोष्ट होती. बाई अंगठेबहाद्दर. बँकेत अंगठा, पोस्टात अंगठा, दवाखान्यात अंगठा. या अडाणी बाईनं वडिलांना भुलवलं, असं मुलानंच दाव्यात लिहून ठेवलं होतं. शिंपी आणि चष्मेवाला सह्या करून आपापल्या गिऱ्हाइकांकडे पळाले होते, त्यामुळे तिसरी सही होताना कुणी पाहिली नव्हती. फारच खोदून विचारलं तर पेंटरनीच काढली असेल म्हणा, असं वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली, त्यांनी हेही रंगवलं असेल. कोण नाही म्हणणार?

आणि हे नाही जमलं तर जायचं कुठं? बहीण म्हणाली होती, ये की माझ्याकडे. पण तिच्या घरात आता सुनेचं राज्य होतं, आणि पाहुणा दोन दिवसच गोड.

पुकारा झाला. बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि कठड्याला धरून राहिल्या. नाव झालं, वय झालं. शिक्षण विचारलं तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत वकीलबाई म्हणाल्या, निरक्षर. टायपिस्टनं ते टाइप केलं. समोर मुलगा बसला होता. बापासारखाच एक खांदा खाली टाकून बसला होता, त्यामुळे त्याच्याकडे बघवेना.

त्याच्या वकिलानं कागद पुढं धरला. "ही तिसरी सही कुणाची?"

सही केल्यापासून बाईंनी तो कागद पाहिला नव्हता. पहिलं अक्षर भलतंच मोठं झालं होतं. मग जागा पुरेना म्हणून पुढची एकमेकांना खेटून उभी होती, आणि शेवटचं तर पार कडेला जाऊन घसरलं होतं.

आजारपणात पेंटरना ब्रश धरवेना झाला, तेव्हा त्यांनी हा उद्योग काढला होता. माझा हात थांबलाय तर तुझा चालवू, म्हणाले. दुपारच्या दुपारी बाईंच्या एका नावावर गेल्या. बाई चिडायच्या, म्हातारीला कशाला छळता म्हणायच्या, आणि स्वयंपाक करताना ओट्यावर ओल्या बोटानं तीच अक्षरं गिरवायच्या. मृत्युपत्राच्या दिवशी दोघे साक्षीदार जिना उतरले, आणि कागदावर खाली जागा उरलेली दिसली. पाटीवर जागा मोकळी राहिली की पेंटरना चैन पडत नसे. तू पण कर, म्हणाले. बाईंनी केली. मग स्वतःचं ते घसरलेलं शेवटचं अक्षर बघून लाजल्या आणि म्हणाल्या, तेवढं नीट करून द्या. पेंटरनी पेनला हातही लावला नाही.

"मी हात लावला तर ते माझं होईल," ते म्हणाले होते.

"बाई, प्रश्न कळला ना?" वकिलानं विचारलं.

"माझी आहे," बाई म्हणाल्या.

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मुलानं चमकून वर पाहिलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि अगदी सावकाश, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं समजावलं. हे उत्तर नोंदवलं तर घर त्यांना मिळणार नाही. हवं तर थोडं थांबून पुन्हा सांगा, म्हणाले.

बाईंची भीती जराही कमी झाली नव्हती. बहिणीचं दार, दारातली सून, सगळं डोळ्यांपुढं होतं.

"कळलं, साहेब," त्या म्हणाल्या. "घराचं काय व्हायचं ते होईल. पण मघाशी ते निरक्षर लिहून घेतलंय ना, तेवढं खोडायला सांगा."