केसभर खाली

पोटच्या पोरानं आईची चारचौघांत अशी शोभा करावी? ट्रॅक्टरच्या पुढचं, बर्फ उचलायचं लोखंडी बकेट आईनंच खांबावर आपटून वाकवलं, तिचे हात आता कापतात, असं मायरननं चर्चमध्ये पिरोहीच्या उकडलेल्या करंज्या वळणाऱ्या बायकांनाही सांगितलं. वर आईकडून, पारास्काकडून, ट्रॅक्टरची किल्लीही काढून घेतली.

बर्फ पडायच्या आत बकेट सरळ करायचं होतं. मायरननं वाकलेली कड गॅसच्या ज्योतीनं लाल केली, खाली ओंडका सरकवला आणि तो दोन्ही हातांनी धरून बसला.

"आई, वर बस नि लिव्हर धर. केसभरच खाली घे हां, माझी बोटं आहेत इथं."

तिनं केसभरच खाली घेतलं. कड सरळ झाली.

पारास्कानं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली.



"बकेट तूच वाकवलंस, मेल्या. माझे हात कापत असते, तर तू तिथं बोटं घातली नसतीस."