फाटकावरचा फळा

बुधवारी साईनाथ फाटकावरच्या फळ्यासमोर थबकला तो थबकलाच.

मोहोपाड्याच्या त्या कारखान्यात रोज एक इंग्रजी वाक्प्रचार खडूने लिहिलेला असे, खाली मराठी अर्थ. सोमवारी होता 'पीस ऑफ केक : अगदी सोपं काम'. मंगळवारी 'ऑन क्लाउड नाइन : आनंद गगनात न मावणे'. आणि आज 'स्वीप अंडर द कार्पेट : चूक गुपचूप झाकणे'.



मागच्या आठवड्यात क्लोरीनच्या शेडमध्ये गळती झाली, तेव्हा धोक्याचा भोंगा वाजलाच नव्हता. वॉचमन रोहिदासचा चुलतभाऊ गजा अजून दवाखान्यात होता. भोंग्याचं यंत्र रोज तपासायचं काम साईनाथसह चार केमिस्टांपैकी जो मोकळा असेल तो करी. तक्त्यावर सही नाही, नुसती बरोबरची खूण. त्या दिवशीची खूण साईनाथने कँटीनमध्ये बसून केली होती. चौकशीत चौघांनीही कानावर हात ठेवले.

गुरुवारी फळ्यावर आलं, 'स्केलेटन इन द कबर्ड : दडवून ठेवलेलं पाप'.

कुणीतरी पाहिलं होतं. नोकरी जाईल, बेड्याही पडतील. शुक्रवारी त्याची सुट्टी होती, तरी तो खालापूरहून बाइक काढून फाटकावर आला.

“गजा कसा आहे रे?”

“हाय. नाकात नळी हाय.” रोहिदासने नोंदवही ओढली. “सुट्टीच्या दिवशी आलात, सायेब. नोंद लागते. काम काय लिवू?”

“काम कसलं? हा फळा कोण लिहितं, सहज विचारायला आलो.”

“फळा,” रोहिदासने सावकाश अक्षरं काढली. “मीच लिवतो की. आमच्या वनिताच्या वहीतनं. पोरगी धाव्वीला हाय.”

त्याने खणातून वही काढून दिली. गोल, शाळकरी अक्षर. एकाच पानावर केक होता, क्लाउड होता, कार्पेट होतं, कबर्डही होतं. साईनाथ खो खो हसत सुटला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास आला.

“अक्षर छान आहे रे तिचं!”

“हाय ना. पर त्यातली शेवटची दोन मोठ्या सायबांनी निवडून दिली.” रोहिदासने नोंदवही मिटून काखेत मारली. “म्हनले, चार केमिस्टांतला जो कोन फळ्याची चौकशी करायला येईल, त्याचं नाव तेवढं लिवून आन.”