टाकीतलं पेट्रोल

एकावन्न साली बदलापूरजवळ माझ्या शेतात एक लहानसं विमान येऊन आपटलं. वैमानिक फौजदाराला म्हणाला, "इंजिन बिघडलं. टाकी भरलेली होती, पण मी शुद्धीवर येईस्तोवर ह्या लोकांनी पेट्रोल चोरलं." फौजदारानं सरळ माझ्या महिपतीला बेड्या घातल्या.

मी म्हटलं, "ह्याला मी ओढून बाहेर काढला, आणि हा माझ्याच पोराला चोर म्हणतो!"

"म्हातारे, पुरावा आहे का?"

"विमानाचं पोट बघा, साहेब. काळं कशानं झालंय?"

 

फौजदार वाकून काजळी बघू लागला, तशी मी म्हटलं, "मी तेव्हा भाताच्या रोपासाठी राब भाजत होते. हा पेटत्या पाचोळ्यातच येऊन पडला. टाकीत थेंबभर पेट्रोल असतं, तर खोटं बोलायला हा मेला उरला असता का?"