हळदीच्या गोदामातली खुर्ची

सांगलीतलं जुनं हळदीचं गोदाम न पाडता त्याचं हॉटेल करायचं काम आर्किटेक्ट उत्कर्षाकडं होतं. “खाली जमिनीत खणलेलं, हळद साठवायचं पेव नाही ना, अण्णा?” तिनं मालकाला विचारलं. “न्हाई, मॅडम! घट्ट मुरूम हाय, हत्ती नाचवा.” पण बाहुबलीअण्णा दर वेळी मधल्या फरश्या टाळून भिंतीलगत चालत. जुन्या इमारती वाचवताना ती मालकांच्या पायांकडं बघायला शिकली होती. तिनं लांबूनच खुर्ची मध्ये सरकवली. “बसा, चहा आलाय.” अण्णांनी चहा उभ्यानंच घेतला. “मग मीच बसते,” म्हणत ती निघाली, तसा अण्णांचा कप निसटला. “थांबा! भलंमोठं पेव हाय. परवानगी अडंल म्हणून बोललो न्हाई.” “बुजवायचं नाही. वर काच बसवू, पाहुणे तेच बघायला येतील.” खुर्ची आणायला मात्र कुणी गेलं नाही. आज काचेखाली पेव दिसतं, तळाशी फरश्यांसकट कोसळलेली ती खुर्चीही.