अर्ध्या पट्टीवर

"आवाज तसाच राहू द्या," रुची म्हणाली. "फक्त जोर कमी करा."

हिमांशूनं लॅपटॉपवरून मान वर केली. तंबूत दोघंच होते. समोर रुचीच्या नवऱ्याची, इंद्रकुमारची, काळी जर्मन गाडी बॉनेट उघडून उभी होती. तिच्यात जोर वाढवणारा मोठा टर्बो बसवला होता हिमांशूनंच, आणि मागच्या काचेवर त्याच्या गोंदियातल्या गॅरेजचं नाव होतं.

"काऊन वहिनी? भाऊनं सांगितलं काय?"

"मी सांगून राहिली. त्यायले समजू देऊ नका."

"ऐन रेसच्या दिवशी?"

"होते का नाही, तेवढं सांगा."

हिमांशूनं लॅपटॉपच्या पडद्याकडं पाहिलं. "होते. इथूनच होते. गाडी निघंल बरोबर, पण अर्ध्या पट्टीवर बसल्यासारखी करंल. भाऊले वाटंल, इंजिनातच काही झालं."

"काही धोका?"

"नाही."

"मग करा."

त्यानं चार बटणं दाबली, गाडीला लावलेली वायर काढली आणि लॅपटॉप मिटला.

"झालं," तो म्हणाला.

गोंदियाजवळ, कामठ्याच्या पुढं ही विमानांची जुनी धावपट्टी बरीच वर्षं पडून होती. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या. आज मात्र तिथं मंडप होते, भोंगे होते, आणि नागपूर-रायपूरकडच्या महागड्या गाड्या रांगेत गुरगुरत होत्या. दोन-दोन गाड्या सरळ सोडायच्या. टोकाशी आधी पोहोचेल तो जिंकला. प्रत्येकाला दोन फेऱ्या, एक सकाळी, एक दुपारी.

सकाळी राईस मिल आणि संध्याकाळी गाडी, असं इंद्रकुमारचं चाललं होतं. रुचीनं कधी अडवलं नव्हतं. पण दिवाळीनंतर त्याच्या रायपूरच्या मित्राची गाडी अशाच एका पट्टीवर उलटली. मित्र वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं. इंद्रकुमार त्याला दवाखान्यात भेटून आला, "बरा आहे" एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. पुन्हा त्यानं ते नाव काढलं नाही. याला काहीच कसं वाटत नाही, या विचारानं रुचीची झोप उडाली होती.

तो तंबूत आला तेव्हा अंगात रेसचा सूट होता.

"तू इथं काऊन? तिकडं सावलीत बस ना."

"तुम्ही नका ना जाऊ," ती म्हणाली. हे ती महिनाभर म्हणत होती.

"सरळ रस्ता आहे. ना वळण, ना घाट. काऊन घाबरून राहिली?"

त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि न पिताच खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. त्याची नजर बाहेर, त्याच्यासोबत सुटणार असलेल्या रायपूरच्या पांढऱ्या गाडीवर होती. याला आता तीच दिसते, रुचीच्या मनात आलं.

कठड्याशी जाऊन उभी राहिल्यावर तिला नवीनच भीती वाटायला लागली. आपल्याला कळत नाही अशा यंत्राला आपण हात लावायला सांगितला. मधेच काही अडकलं तर? ब्रेकच लागले नाहीत तर? हिमांशू नाही म्हणाला होता. पण म्हणताना त्यानं तिच्याकडं बघितलं नव्हतं.

जाऊन सांगावं म्हणून ती वळली. तेवढ्यात दोन्ही गाड्यांची मागची चाकं जागेवर फिरायला लागली. रबर जळल्याचा पांढरा धूर कठड्यापर्यंत आला. पिवळे दिवे लागले. मग हिरवा.

तिच्या पायाखालची जमीन हादरली. काळी गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी निघाली. पांढरी मागं पडली. रुचीनं कठडा घट्ट धरला. कमी झालंच नाही, हिमांशूनं काही केलंच नाही, असं वाटत असतानाच काळ्या गाडीचा आवाज एकदम खाली आला. पांढरी गाडी सुसाट पुढं गेली.

"गोंदियावाला फुस्स!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

काळी गाडी टोकाशी जाऊन हळूच थांबली. रुचीनं डोळे मिटले. तिला रडू आलं, सुटल्याचं.

इंद्रकुमार तंबूत येऊन खुर्चीवर बसला. हेल्मेटचा पट्टा त्याच्या बोटांनी निघेना. रुचीनं काढून दिला. चेहरा पांढराफटक पडला होता. एवढा राग तिनं त्याच्या अंगात कधी पाहिला नव्हता.

"बीचमधीच बसून गेली," तो म्हणाला. "मी एक्सलेटर पूर्ण दाबून होतो. जोरच लागला नाही."

तिनं हेल्मेट बाजूला ठेवलं.

"दुपारची फेरी राहू दे. विकूनच टाकू गाडी. आचलले घेऊन फिरायले साधी गाडी बरी."

लेकीचं नाव घेताना त्याचा आवाज फाटला. हेच ऐकायला रुची इतके दिवस तडफडत होती. आता ते ऐकवेना. चार लोकांत त्याचं हसं झालं होतं, आणि ते तिनं केलं होतं.

ती उठून बाहेर आली. हिमांशू गाडीपाशी एकटाच उभा होता.

"पहिल्यासारखं करा," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी कमी केला तो जोर परत द्या. मी त्यायले सगळं सांगते. दुपारी पुन्हा पळू द्या त्यायले. मले त्यायचं तोंड पाहवत नाही."

हिमांशूनं तंबूकडं एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, माझ्या गॅरेजचं नाव लावून गाडी पळून राहिली होती. मी कमी कसा करू? सकाळी तुमच्या समाधानासाठी नुसतीच बटणं दाबली."

"मग ते अर्ध्यावर—"

"आता लॅपटॉप लावून पाहिलं, गाडी पुऱ्या जोरात होती. एक्सलेटरवरचा पाय भाऊनंच उचलला."